काटकसर कोठे करावी?

शेतकरी उधळा असतो, त्याला काटकसर शिकविली पाहिजे, असे सुशिक्षित वर्गात पुष्कळदा बोलले जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. जुन्या लुगड्याची गोधडी शिवणाऱ्या आणि शिळ्या भाकरीचा कुस्करा करून तोही वाया जाऊ न देणाऱ्या घराला काटकसरीचा धडा बाहेरून देण्याचे कारण नाही. विचार करावयाचा तो ही काटकसर कोठे करावी याचा. ती चुकीच्या जागी झाली, तर पैसा वाचत नाही आणि माणूस मात्र खचतो.

नोकरदाराला पगार दरमहा मिळतो. शेतकऱ्याच्या हाती पैसा सुगीनंतर एकदा किंवा दोनदा येतो. पण मीठ-मिरची, तेल, औषधपाणी आणि मुलांच्या वह्या यांचा खर्च बारा महिने चालतो. ज्येष्ठ-आषाढात बी-बियाणे आणि खते यांवर होता नव्हता तो पैसा खर्ची पडतो आणि घर रिकामे होते. मग दोन गोष्टी घडतात. वाण्याच्या दुकानी उधारीची वही सुरू होते, आणि स्वयंपाकघरात वरणात पाणी वाढते.

या दुसऱ्या गोष्टीला पुष्कळ घरांत काटकसर असे नाव दिले जाते. तिचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. घरातील पुरुष व मुले जेवून उठल्यावर जी गृहिणी ताट वाढून घेते, तिच्या वाट्याला भाकरी व चटणी उरते. वरणाची वाटी तोवर रिकामी झालेली असते. दारात दुभती म्हैस असूनही दोन्ही वेळचे सर्व दूध डेअरीवर जाते आणि लहान मुलाला कोरा चहा मिळतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. लावणी, खुरपणी आणि काढणी ही कामे बव्हंशी याच स्त्रियांच्या हातून होतात. बैलाच्या वैरणीत काटकसर करून नांगरट साधत नाही, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. तोच न्याय माणसालाही लागू आहे. ताटातून वाचविलेला पैसा पुढे दवाखान्यात आणि बुडालेल्या कामाच्या दिवसांत दुपटीने जातो.

मग काटकसर करावी ती उधारीत. या बाबतीत महाराष्ट्राच्या इतिहासातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि कर्जरोखे जाळले. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. त्या उठावाच्या कारणांची चौकशी करण्यासाठी सरकारने आयोग नेमला. लग्नकार्यातील उधळपट्टीने शेतकरी बुडतो, असा त्या वेळी सार्वत्रिक समज होता. आयोगाने मात्र या कारणास अवास्तव महत्त्व दिले जाते, असे मत नोंदविले. लग्न क्वचित येते. धान्य, बियाणे, बैल आणि सरकारी सारा यांसाठी पुनःपुन्हा काढावी लागणारी लहान लहान कर्जेच शेतकऱ्याचा बोजा अधिक वाढवितात, असा त्याचा निष्कर्ष होता. याचा अर्थ लग्नात ऐपतीबाहेर खर्च करावा असा नव्हे. परंतु केवळ लग्नखर्चावर उपदेश करून थांबणारा कार्यकर्ता रोगाच्या मुळापर्यंत पोहोचत नाही, एवढे खरे.

या लहान उधारीचा हिशेब मांडून पाहावा. समजा, एका कुटुंबाने जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दरमहा २,००० रुपयांचा किराणा उधार आणला. प्रत्येक महिन्याची बाकी त्या महिन्याच्या अखेरीपासून दरमहा शेकडा ३ रुपये व्याजाने चालली आणि सोयाबीन विकून नोव्हेंबरअखेर सर्व रक्कम फेडली. मुद्दल ८,००० रुपये आणि व्याज ८४० रुपये होते. शिवाय उधारीने घेणाऱ्याला भाव करता येत नाही आणि माल पारखून घेता येत नाही, तो तोटा वेगळा. धान्याच्या उधारीत व्यवहार दिडीचा असेल, तर एक क्विंटल ज्वारीचे सुगीला दीड क्विंटल द्यावे लागतात. सहा महिन्यांकरिता हा व्यवहार झाला, तर व्याजाचा दर वर्षाला शंभर टक्के पडतो. ज्वारीच्या राशीतून व्याज जाते, म्हणून ते डोळ्यांना दिसत नाही, इतकेच.

यावरील उपाय आपल्या वाडवडिलांना ठाऊक होता. त्याचे नाव बेगमी. पाच माणसांच्या घरात रोज सुमारे दोन किलो धान्य लागते असे धरले, तर वर्षाला ७३० किलो, म्हणजे सुमारे सव्वासात क्विंटल धान्य हवे. रेशनवर मिळणारे धान्य त्यातून वजा करावे आणि उरलेले घरच्या राशीतून प्रथम बाजूला काढावे. डाळीकरिता तूर अथवा हरभराही तसाच ठेवावा. त्यानंतरच बाजारची गाडी भरावी. सुगीच्या गर्दीत पडत्या भावाने धान्य विकून तेच आषाढात चढ्या भावाने परत विकत घेणे, यासारखी उधळपट्टी नाही. नगदी पिके घेणाऱ्या कुटुंबाने पट्टी हाती येताच चार महिन्यांच्या किराण्याची रक्कम बँकेत वेगळी ठेवावी. खर्च भागवून जे उरेल ते शिल्लक टाकू, असे म्हणणाऱ्याच्या घरी सहसा काही उरत नाही.

बेगमी टिकविणे हाही काटकसरीचाच भाग आहे. धान्य उन्हात चांगले वाळवून, ओलावा १२ टक्क्यांच्या खाली आणून, गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या कोठीत भरावे. कोठी भिंतीला चिकटवून किंवा जमिनीवर टेकवून ठेवू नये. जुने व नवे धान्य एकत्र करू नये. सोंडे आणि उंदीर यांनी खाल्लेली पायली ही कष्टाने पिकवून फुकट घालविलेली पायली होय.

सर्वांनाच एवढी बेगमी करता येईल असे नाही. दोन एकर कोरडवाहू जमिनीत पाऊस फिरला, तर बाजूला काढावयास राशीच नसते. अशा घराला काटकसरीचे पाठ देणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. तेथे स्वस्त कर्ज व रोजगार यांची सोय लावून दिली पाहिजे. १९९८ साली सुरू झालेल्या किसान क्रेडिट कार्डाच्या योजनेत काढणीनंतरच्या व घरगुती गरजांसाठी कर्जमर्यादेत १० टक्के रक्कम धरण्याची तरतूद २०१२ च्या सुधारित नियमांत करण्यात आली. ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. त्याचप्रमाणे नाबार्डने १९९२ साली बचत गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम हाती घेतला. त्यामुळे लहान अडचणीसाठी सावकाराचे दार न ठोठावता गटातूनच पैसे मिळण्याची वाट अनेक स्त्रियांना खुली झाली.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्याने सुगीच्या पूर्वी शेतकरी पती-पत्नींशी एकत्र बसून वर्षाच्या गरजेचा हिशेब मांडावा. गृहिणीला त्यात अवश्य सामील करून घ्यावे, कारण कोणता डबा कोणत्या महिन्यात रिकामा होतो, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. हिशेबाच्या वहीत पहिली ओळ घरच्या धान्याची व डाळीची, दुसरी मुलांसाठी घरी ठेवावयाच्या दुधाची, तिसरी पुढील हंगामाच्या बियाण्याची असावी. विक्रीचा आकडा त्यानंतर लिहावा.

येत्या सुगीला ही वही ज्या घरी उघडली जाईल, तेथे पुढील आषाढात वाण्याची वही मिटलेली राहील आणि शेवटी जेवावयास बसणाऱ्या माउलीच्या ताटातही वरणाची वाटी भरलेली असेल.