टिकाऊ, पण कशापुढे?

प्लॅस्टिकचा धडा शिकवून झाला की परीक्षेत ‘प्लॅस्टिकचे गुणधर्म लिहा’ हा प्रश्न हमखास येतो. हलके, स्वस्त, न गंजणारे आणि टिकाऊ असे चार शब्द लिहिले की चार गुण पदरात पडतात. यांतल्या शेवटच्या शब्दाला गुण देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विद्यार्थ्याने त्यापुढे ‘कशापुढे टिकाऊ’ एवढे लिहिले असेल, तर मात्र जरूर द्यावा. शिक्षकांपैकी काहींना हा काथ्याकूट वाटेल. म्हणून मी एका परदेशी खेळाचे उदाहरण घेतो. त्या खेळात हा प्रश्न खेळाडूंना स्वतःचे पैसे खर्चून सोडवावा लागतो.

खेळाचे नाव डिस्क गोल्फ. गोल्फसारखाच हा खेळ, पण चेंडूऐवजी प्लॅस्टिकची तबकडी हाताने फेकायची आणि जमिनीतल्या भोकाऐवजी खांबावरच्या लोखंडी टोपलीत टाकायची. टोपलीच्या वर साखळ्या लोंबत असतात. तबकडी त्यांवर आदळली की तिचा वेग मोडतो आणि ती खाली टोपलीत पडते. या खेळाचे पहिले कायमचे मैदान एड हेड्रिक यांनी १९७५ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्कमध्ये आखले. साखळ्यांच्या टोपलीची कल्पनाही त्यांचीच. (हे गृहस्थ २००२ साली वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून त्याच्या तबकड्या काढण्यात आल्या!)

लांब फेकीच्या तबकडीची कड रुंद व धारदार असते. शेवटच्या काही मीटरांवरून टोपलीत टाकायची तबकडी बोथट कडेची आणि संथ उडणारी असते. तिला पटर म्हणतात. तबकडीचे वजन व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये, असा नियम आहे. म्हणजे २१.२ सेंमी व्यासाच्या पटरला जवळजवळ १७६ ग्रॅमची मर्यादा पडते. गुणाकार करून पाहा. वजनाचा असा काटेकोर हिशेब ठेवणारे नियम पदार्थाबाबत मात्र फारसे बोलत नाहीत. तबकडी घन आणि अचुंबकीय प्लॅस्टिकची असावी, एवढेच ते सांगतात. प्लॅस्टिक कोणते, हे निर्मात्याने ठरवायचे.

आणि निर्माते ठरवतातही! एव्हिअर नावाचा एक जुना, प्रसिद्ध पटर घ्या. तोच घाट डीएक्स, केसी प्रो, स्टार, चॅम्पियन अशा निरनिराळ्या प्लॅस्टिकांत विकला जातो आणि किंमतही त्याप्रमाणे चढत जाते. ही सारी व्यापारी नावे आहेत. त्यांवरून आतल्या रसायनाचा पत्ता लागत नाही, आणि नेमकी मिश्रणे कारखानदार गुप्त ठेवतात. तरी ढोबळमानाने दोन घराणी ओळखता येतात. स्वस्त घराण्यात पॉलिएथिलीनच्या जातीची मऊसर मिश्रणे येतात, तर महाग घराण्यात थर्मोप्लॅस्टिक पॉलियुरेथेन.

या दोघांत फरक कोठे आहे तो रेणूंच्या पातळीवर पाहू. पॉलिएथिलीन १९३३ साली इंग्लंडमधील एका प्रयोगशाळेत फॉसेट आणि गिब्सन यांच्या हाती जवळजवळ अपघातानेच लागले. त्याच्या रेणूची लांबच लांब साखळी केवळ कार्बन आणि हायड्रोजन यांची असते. शेजारशेजारच्या साखळ्यांना एकमेकींची ओढ फार थोडी. त्यामुळे दगडावर घासले की त्या एकमेकींवरून सरकतात, पृष्ठभागाचे तुकडे उचकटून निघतात आणि तबकडीची कड खरबरीत होते. पॉलियुरेथेनचे रसायन जर्मनीत ऑटो बायर यांनी १९३७ साली शोधले. त्याच्या साखळीत मऊ आणि कठीण असे तुकडे आळीपाळीने येतात. एका साखळीचे कठीण तुकडे दुसरीच्या कठीण तुकड्यांना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. सुतळीच्या गुंत्यात जागोजागी गाठी मारल्या आहेत अशी कल्पना करा. ताण पडला की मधली सुतळी ताणते आणि ताण गेला की गाठी तिला पुन्हा जागेवर आणतात. झाडावर आदळलेली कड म्हणूनच क्षणभर दबते आणि पूर्ववत होते. उष्णतेने या गाठी सुटतात, थंडीने पुन्हा बसतात. म्हणून हा पदार्थ वितळवून साच्यात ओतता येतो.

घासणे आणि आदळणे या दोन शत्रूंपुढे पॉलियुरेथेन निर्विवाद श्रेष्ठ आहे. मग चांगल्या खेळाडूंनी तेच वापरावे, नाही का? लांब फेकीच्या तबकड्यांबाबत ते बहुधा तसेच करतात. पण टोपलीजवळ आल्यावर त्यांच्यातले पुष्कळजण पिशवीतून स्वस्त प्लॅस्टिकचा पटर काढतात. केन क्लाइमो यांनी या खेळाचे जागतिक अजिंक्यपद १९९० ते १९९८ सलग नऊ वेळा आणि एकूण बारा वेळा मिळवले. एव्हिअरच्या ज्या प्लॅस्टिकला त्यांच्या आद्याक्षरांचे नाव आहे, ते केसी प्रो सर्वांत टिकाऊ म्हणून विकले जाणारे प्लॅस्टिक नव्हे.

याचे कारण थोड्या गणिताने उलगडते. समजा, १७५ ग्रॅमची तबकडी दर सेकंदाला २५ मीटर वेगाने झाडावर आदळली. तिची गतिज ऊर्जा सुमारे ५५ ज्यूल भरेल. तीच तबकडी टोपलीकडे हलकेच, समजा १० मीटर वेगाने टाकली तर ऊर्जा ९ ज्यूलही भरत नाही. वेग अडीचपट कमी झाला आणि आघात सहापटींहून कमी झाला. शिवाय लोंबती साखळी झाडाच्या खोडासारखी ताठ उभी राहत नाही, ती मागे सरते. म्हणजे ज्या शत्रूसाठी महाग प्लॅस्टिक घ्यायचे, तो शत्रू येथे जवळजवळ गैरहजर असतो. त्याच्या जागी दुसरा येतो, तो म्हणजे घामेजलेली किंवा दवाने ओली झालेली बोटे. चकचकीत, कठीण पृष्ठभाग त्यांतून निसटतो. मऊसर, किंचित खरबरीत झालेला पृष्ठभाग पकडीत राहतो. पटर जरासा झिजला की हाताला अधिक बरा लागतो, असे खेळाडू सांगतात ते उगीच नव्हे.

येथे एखादे चौकस शिक्षक म्हणतील, ‘पकड वेगळी आणि टिकाऊपणा वेगळा, तुम्ही विषय बदललात.’ मला तसे वाटत नाही. वस्तू आपले काम किती काळ करते, हा टिकाऊपणाचा खरा अर्थ आहे. काम कोणते ते सांगितल्याशिवाय हा काळ मोजताच येत नाही. तोच स्वस्त पटर लांब फेकीला वापरा. वारंवार झाडांवर आदळून त्याच्या कडेचा आकार बदलतो आणि उड्डाणही बदलते. उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली नवी तबकडी अखेरीस डावीकडे वळते. झिजलेली उजवीकडे कलू लागते. लांब फेकीच्या दृष्टीने ती निकामी झाली, टोपलीजवळ मात्र कामाची राहिली. म्हणूनच एकाच पिशवीत एकाच घाटाचे दोन पटर आढळतात, फेकायला पॉलियुरेथेनचा आणि टोपलीत टाकायला स्वस्तातला. काही खेळाडू तर झिजलेली तबकडी मुद्दाम जपून ठेवतात, कारण उजवीकडे वळणारी वाट हवी असेल तेव्हा तीच उपयोगी पडते. नियमही समंजस आहेत. उड्डाण बदलावे म्हणून तबकडीत फेरफार केलेला चालत नाही, पण वापराने आलेली झीज चालते.

आपल्याकडे हा खेळ फारसा खेळला जात नाही, पण ही दोन्ही घराणी आपल्या घरात नांदत आहेत. दुधाची पिशवी पॉलिएथिलीनची असते. मोबाइलचे मऊ पारदर्शक कव्हर पुष्कळदा थर्मोप्लॅस्टिक पॉलियुरेथेनचे असते. हे कव्हर शंभरदा पडले तरी फुटत नाही, पण वर्षभरात पिवळे पडते, कारण त्यातल्या रसायनाला प्रकाश सोसत नाही. गच्चीवर राहिलेली बादली एरवी धक्के खाते, पण दोन उन्हाळ्यांत तिची कड हाताने मोडते. अतिनील किरणांनी तिच्या साखळ्या तोडलेल्या असतात. पाण्याच्या टाक्या काळ्या असतात त्या याच शत्रूमुळे. त्यांच्यात मिसळलेली काजळी हे किरण शोषून घेते. आणि कोकणातील कपाटात न वापरता ठेवलेल्या बुटांचे पॉलियुरेथेनचे तळवे भुगा होऊन गळतात, ते पाहिले आहे का? रस्त्यावर वर्षानुवर्षे घासूनही न हरणारा पदार्थ हवेतल्या नुसत्या दमटपणापुढे हरतो. पाणी त्याच्या साखळीतले एस्टर बंध तोडत जाते.

दुकानदार ‘टिकाऊ आहे’ म्हणतो तेव्हा यांतल्या कोणत्या शत्रूची परीक्षा झाली आहे, हे विचारण्याची सवय शाळेतच लागायला हवी. त्यासाठी पाठ्यपुस्तकातला तक्ता पाठ करण्याऐवजी विज्ञानाच्या तासाला एक प्रयोग करावा.

मोडक्या बादलीचा आणि जुन्या कव्हरचा दोन सेंमी बाजूचा एकेक चौकोन कापा. दोन्ही पाण्यात टाकून पाहा. बादलीचा तुकडा तरंगेल, कव्हरचा बुडेल. तुकडे कोरडे करून प्रयोगशाळेतल्या तराजूवर तोला. मग प्रत्येक तुकडा लाकडी ठोकळ्याला घट्ट बसवून, वर एक किलोचे वजन ठेवून, नव्या पॉलिश पेपरवरून तीस सेंमी अंतर दोनशे वेळा ओढा. दोघांना पेपर एकाच नंबरचा घ्या. नाकाला रुमाल बांधा, आणि पडलेला भुगा ओल्या फडक्याने टिपून कचऱ्यात टाका. मोरीत सोडू नका. पुन्हा तोला. जितके मिलिग्रॅम कमी झाले, त्यांना घनतेने भागा. बादलीसाठी ०.९५ आणि कव्हरसाठी १.२ धरावे. असे केले नाही तर जड पदार्थावर अन्याय होतो. दुसरे दोन चौकोन फेब्रुवारी ते मे गच्चीवर उन्हात ठेवा आणि जूनमध्ये हाच प्रयोग त्यांच्यावर करा. दोन्ही फेऱ्यांचे आकडे एका तक्त्यात मांडा आणि माथ्यावर ‘टिकाऊपणा’ असे न लिहिता ‘पॉलिश पेपरवरील झीज, घन मिलिमीटरमध्ये’ असे लिहा.