निनवे वाचलं, हे आपण विसरतो

घरात आजारपण आलं, कुणाचा निकाल अडला, कोर्टाची तारीख जवळ आली की आपल्याकडे आयते करीमाचं पठण सुरू होतं. हजरत युनूस (अलैहिस्सलाम) यांनी माशाच्या पोटातून केलेली ही दुआ. आपण लहानपणी ऐकलेली गोष्टही बहुतेक वेळा तिथेच संपते: मासा, अंधार, दुआ, सुटका. पण युनूस निघाले होते ते एका शहरासाठी. त्या शहराचं काय झालं, हे आपल्याला फारसं कुणी सांगत नाही.

ते शहर निनवे, उर्दूतलं नैनवा. आजच्या इराकमध्ये, मोसुलजवळ तैग्रिसच्या काठी वसलेली ही असिरियन साम्राज्याची राजधानी. अशुरबनिपाल राजाचं मातीच्या पाट्यांचं प्रसिद्ध ग्रंथालय इथलंच. पण आसपासच्या लोकांना या शहराचं नाव ऐकून धडकी भरायची. इ. स. पू. 701 मध्ये सन्हेरीब राजाने यहूदा राज्यातलं लाखीश जिंकलं आणि तिथल्या लोकांचे हाल आपल्या महालाच्या भिंतींवर कोरून घेतले.

ज्यांनी हे सोसलं, त्यांच्याच हिब्रू ग्रंथांत निनवेबद्दल दोन सूर आहेत. नहूमच्या पुस्तकात त्याच्या नाशाचं समाधान आहे. योना म्हणजे युनूस यांच्या पुस्तकात मात्र राजापासून जनावरांपर्यंत सगळं शहर उपास धरतं आणि देव त्याला वाचवतो. त्यावर योना रागावतात. शत्रूला माफी मिळाली, हे त्यांना सोसत नाही. तेव्हा देव त्यांनाच विचारतो की, एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि एवढी जनावरं असलेल्या शहराची मी कीव करू नये का? पुस्तक या प्रश्नावरच संपतं. ज्यू लोक योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, हीच कथा वाचतात. आपल्या रायगड किनाऱ्यावरचे मराठी बोलणारे बेने इस्राईल याच परंपरेतले.

कुरआनही हेच सांगतो. सूरह साफ्फातमध्ये युनूस यांना एक लाख किंवा त्याहून जास्त लोकांकडे पाठवल्याचा उल्लेख आहे. सूरह युनूसमध्ये त्या लोकांनी ईमान आणल्यावर अजाब टळल्याचं सांगितलं आहे. आणि सूरह कलममध्ये पैगंबरांना सब्र करण्याची, मासेवाल्यासारखी घाई न करण्याची ताकीद आहे.

ताइफमध्ये पैगंबरांवर दगडफेक झाली. रक्तबंबाळ अवस्थेत ते एका बागेत थांबले, तेव्हा द्राक्षं घेऊन आलेला अद्दास हा ख्रिस्ती गुलाम नैनवाचाच होता. युनूस माझे भाऊ आहेत, असं पैगंबरांनी त्याला सांगितलं. पुढे डोंगरांच्या फरिश्त्याने या लोकांना चिरडून टाकू का, असं विचारलं. पैगंबरांनी नकार दिला, कारण त्यांना पुढच्या पिढ्यांकडून आशा होती.

हे फक्त पैगंबरांनाच जमतं असं कुणी म्हणेल, तर लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याकडे पाहावं. फेब्रुवारी 1661 मध्ये शाइस्ताखानाचा सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन कुरवंडे घाटाने कोकणात उतरत होता. खाली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला दोन्ही बाजूंनी कोंडलं. सगळी फौज कापून काढणं शक्य होतं. खानाच्या बाजूने लढणाऱ्या माहूरच्या रायबागन यांनी त्याला शरण जायला सांगितलं. खानाने अभय मागितलं, महाराजांनी खंडणी घेऊन फौजेला जिवंत जाऊ दिलं. आज ही लढाई हिंदू विरुद्ध मुसलमान म्हणून सांगणाऱ्यांना रायबागनही अडचणीची वाटते आणि ते अभयही.

आपल्यातही हा रोग आहे. परक्या शहरात पूर आला, आग लागली की ‘अजाब’ म्हणून मेसेज फिरतात. तरुणांच्या मनात राग आहे आणि त्याला कारणंही आहेत: भाड्याने न मिळणारं घर, नावावरून बदलणारी नजर, जमावाने घेतलेले जीव. त्याविरुद्ध कोर्टात जावं, रस्त्यावर यावं, मतपेटीतून बोलावं. निनवेलाही माफी फुकट मिळाली नव्हती. आधी त्याला जुलूम सोडावा लागला. पण न्याय मागणं वेगळं आणि समोरच्याच्या वस्तीचा नाश मागणं वेगळं. पहिल्यात समोरच्याला बदलायला जागा उरते.

ही जागा नाकारली की काय होतं, ते निनवेनेच पाहिलं. 24 जुलै 2014 रोजी इस्लामचं नाव घेणाऱ्या आयसिसने मोसुलमधली हजरत युनूस यांची मशीद आणि दर्गा स्फोटकांनी उडवला. ज्या नबीच्या कौममधून एक अख्खं शहर वाचलं, त्यांचीच खूण मुसलमान म्हणवणाऱ्यांनी पुसली.

म्हणून यापुढे घरात आयते करीमा पढली जाईल, तेव्हा लहान मुलांना माशाच्या पुढचीही गोष्ट सांगा. युनूस किनाऱ्यावर आले, एवढ्यावर थांबू नका. लाखभर लोकांचं, आपलं नसलेलं, जुलमी म्हणून बदनाम झालेलं एक शहर बदललं आणि वाचलं, हेही सांगा.