मॅकबुकवर लिनक्स टाकलं आणि इंटेलची ग्राफिक्स चिपच गायब? भानगड काय आहे?

जून 2025 मध्ये ॲपलने जाहीर केलं की, इंटेल प्रोसेसरच्या मॅकसाठी 'टाहो' ही शेवटची मॅकओएस असेल. त्यातही इंटेलची मोजकीच मॉडेल्स बसली. मग धडधाकट मशीन भंगारात कशाला काढायचं? लिनक्स टाकू!

पण दोन ग्राफिक्स चिप असलेला मॅकबुक प्रो असेल, तर गंमत होते. लिनक्स चालतं, मात्र लॅपटॉप तापतो आणि बॅटरी भराभर उतरते. कारण प्रोसेसरमधली, कमी वीज खाणारी इंटेलची चिप बंद असते आणि सगळा भार एएमडी किंवा एनव्हिडियाच्या दुसऱ्या चिपवर पडतो.

ही चिप बंद करतं कोण? मॅकचं फर्मवेअर. समोरच्या सिस्टीमने 'मी मॅकओएस आहे' असं सांगितलं नाही, तर ते लिनक्स सुरू होण्याआधीच इंटेलच्या चिपची वीज तोडतं. बूट कँपमधल्या विंडोजलाही हीच वागणूक मिळायची. म्हणजे पैसे मोजून घेतलेल्या मशीनचा एक भाग वापरायचा, तर आधी ओळखपत्र दाखवा!

तुमच्याकडे हेच झालंय का, हे कसं ओळखायचं? टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' ही कमांड द्या (इंग्रजीत, सगळी अक्षरं स्मॉल). यादीत इंटेलची ग्राफिक्स चिप दिसलीच नाही, तर ड्रायव्हर पुन्हा टाकून किंवा अख्खं लिनक्स नव्याने चढवून काही होणार नाही. जी चिप दिसतच नाही, तिला ड्रायव्हर काय करणार? चिप दिसतेय पण चालत नाही, तर प्रकरण वेगळं आणि सोपं. इन्स्टॉल करताना दिलेला 'नोमोडसेट' हा पर्याय बूटच्या ओळीत तसाच राहिलाय का, ते आधी पाहा.

यावरचा उपाय म्हणजे सरळसरळ थाप. लिनक्सने फर्मवेअरला सांगायचं, 'मीच मॅकओएस'. पूर्वी त्यासाठी वेगळा छोटा प्रोग्रॅम लागायचा. 2024 मध्ये आलेल्या 6.11 कर्नलपासून दोन चिपच्या ठरावीक मॅकबुक प्रो मॉडेल्ससाठी ही सोय लिनक्समध्येच आहे. त्यामुळे कर्नल कोणता, हे महत्त्वाचं. डेबियन 12 सोबत 6.1 येतो, डेबियन 13 सोबत 6.12.

तरी सगळं सुरळीत होईलच असं नाही. चिप जागी झाली तरी स्क्रीन दुसऱ्याच चिपला जोडलेली असू शकते, ती वेगळी वळवावी लागते. बाहेरचा मॉनिटर तर दुसऱ्या चिपवरूनच चालतो.

आणि टी2 चिपचं मॉडेल असेल, म्हणजे 2018 किंवा त्यानंतरचं, तर घाईघाईने मॅकओएस पुसू नका. लिनक्स सुरू करण्यासाठी सिक्युअर बूट बंद करावं लागतं, आणि ते मॅकओएसच्या रिकव्हरीत ॲडमिनचा पासवर्ड देऊनच होतं.