तंबूतली रात्र आणि तान्हं बाळ
नांदगाव पेठेहून चिखलदरा काही तासांवर. पण मेळघाटातलं हे ठिकाण हजार मीटरहून उंच, म्हणून हिवाळ्यातली तिथली रात्र खालच्या मैदानापेक्षा बोचरी. तान्ह्या बाळाला नीट कुडकुडताही येत नाही, त्याचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतं. उबेसाठी बंद तंबूत कोळशाची शेगडी ठेवली, तर बिनवासाचा कार्बन मोनॉक्साईड झोपेतच जीव घेतो. ‘इथल्या कोरकू आदिवासींची लेकरं रानातच वाढतात ना?’ असं विचारलं जातं. वाढतात, पण मेळघाटातल्या बालमृत्यूंवर उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे सुनावणी चालली, हे विसरून त्या लेकरांचा दाखला देणं क्रूरपणाचं आहे. सहल सोडा, असं मुळीच नाही. पहिले सहा महिने आईचं दूधच पुरतं, ही तर प्रवासातली मोठी सोय. दिवसा हिंडा, मच्छरदाणी सोबत ठेवा, रात्रीचा मुक्काम मात्र पक्क्या खोलीतच करा.