दूरची फेरारी आणि दारची फियाट

तापीकाठची काळी जमीन आणि इटलीतील पो नदीकाठचा सपाट मुलूख यांत एक साम्य आहे. दोन्हीकडे शेती हा मूळ धंदा, आणि दोन्हीकडे चार पैसे गाठीस जमले की ते डोळ्यांत भरेल अशा वस्तूत घालण्याची हौस दांडगी. जळगावकराने ते सोन्यात घातले, मोदेनाकराने लोखंडात. मोदेना हे शहर व त्याच्या आसपासचा टापू यांत अतिवेगवान मोटारींची तीन नामांकित घराणी आज नांदत आहेत: मारानेल्लो येथे फेरारी, खुद्द मोदेनात मासेराती आणि सांत आगाता या गावी लॅम्बोर्गिनी. यांपैकी लॅम्बोर्गिनीचा मूळपुरुष आधी ट्रॅक्टर बनवीत असे. फेरारीच्या मालकाने आपल्या तक्रारीची हेटाळणी केली म्हणून त्याने ईर्ष्येने १९६३ साली स्वतःचा मोटारींचा कारखाना काढला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा खोटी, भाऊबंदकीत मुरलेल्या आमच्या खानदेशी वाचकांस ती सहज पटेल.

सांप्रत ही नावे जळगाव-धुळ्याकडील शाळकरी मुलांच्याही तोंडी आहेत. कोणत्या गाडीस किती अश्वशक्ती, कोणती किती सेकंदांत शंभराचा वेग घेते, हे सारे त्यांस मुखोद्गत असते. मराठी माणसाच्या मनात फेरारीने घर केले ते मात्र सचिन तेंडुलकर यांच्यामुळे. कसोटी सामन्यांतील ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी त्यांनी २००२ साली केली, आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात इंग्लंडात सिल्व्हरस्टोन येथे मायकेल शूमाकर याच्या हस्ते त्यांस फेरारी ३६० मोदेना ही गाडी भेट मिळाली. भेट देणारी कंपनी फियाट. पुढे ही गाडी भारतात आणताना सुमारे १ कोटी १३ लाख रुपयांचा आयातकर माफ करण्याचे घाटले, त्यावर गिल्ला झाला, प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि अखेर तो कर फियाट कंपनीने भरला. गाडीची किंमत ७५ लाखांच्या घरात आणि तीवरील कर त्याहून अधिक! ज्यांना ही गाडी आपल्या दारी यावी असे वाटते त्यांनी या एका हिशेबावर थोडा वेळ थांबावे.

कर भरण्याची ऐपत असली तरी पुढे पोसणे राहतेच. या गाड्यांची पोटे जमिनीस चार बोटांवर टेकलेली. आमच्याकडील गतिरोधक तर कोणत्या मापाने घालतात ते घालणाऱ्यासच ठाऊक. दुरुस्तीसाठी गाडी दुसऱ्या गाडीवर चढवून मुंबईस न्यावयाची, म्हणजे जळगावहून चारशे किलोमीटरांची यात्रा. स्वतःच्या कमाईतून कोणी ही हौस पुरवील तर आमचे काही म्हणणे नाही. परंतु चार भावांच्या समाईक व्यवहारातून एका पुतण्याच्या नावे अशी गाडी घेण्याचे बेत हल्ली कानावर येतात, त्यांस आमचा स्पष्ट विरोध आहे. अशी गाडी दोघांचीच असते. मागे आजीस बसावयास जागा नसते, आणि हप्ता मात्र साऱ्या घराच्या डोक्यावर बसतो.

मौज अशी की, ज्या घरांतून हे बेत चालतात त्यांपैकी कित्येकांच्या परसात, जुन्या गोठ्याच्या पत्र्याखाली, एक इटालियन गाडी आधीच उभी असते. तिच्यावर कोंबडी बसते, टपावर पापड वाळतात. ती म्हणजे आजोबांची फियाट. तिची कुळी फेरारीशी कशी जुळते हे फार थोड्यांस माहीत आहे, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो.

१९३७ साली फियाटने ५०८ सी नावाची गाडी काढली. तिचे चार सिलिंडरांचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरांचे. सिलिंडरचा व्यास ६८ आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. हे आकडे ध्यानात ठेवावेत. एन्झो फेरारी १९३९ साली आल्फा रोमिओ कंपनीतून बाहेर पडला तेव्हा काही वर्षे स्वतःच्या नावाने गाडी न काढण्याचे बंधन त्याच्यावर होते. म्हणून त्याने मोदेनात निराळ्या नावाने कारखाना काढला आणि १९४० सालच्या ब्रेशियाच्या शर्यतीकरिता ८१५ या दोन गाड्या बांधल्या. आठ सिलिंडर, दीड लिटर, म्हणून ८१५. हे आठ सिलिंडर त्याने जमविले ते फियाट ५०८ सीच्या भागांवरून. त्या इंजिनाची दोन डोकी एकामागे एक बसवून. शर्यतीत दोन्ही गाड्या बिघडल्या. एक चालविणारा तरुण होता आल्बेर्तो आस्कारी, जो पुढे दोनदा जगज्जेता झाला. ‘फेरारी’ हे नाव धारण करणारी पहिली गाडी त्यानंतर, १९४७ साली आली.

त्याच १०८९च्या इंजिनावर तुरिन येथील सिसिटालिया कंपनीने ठेंगणी, देखणी गाडी केली. १९४७च्या मिल्ले मिल्या या हजार मैलांच्या शर्यतीत तात्सियो नुव्होलारी वयाच्या ५४व्या वर्षी उघडी सिसिटालिया घेऊन उतरला. मोठमोठ्या इंजिनांच्या गाड्या मागे टाकून तो बराच वेळ आघाडीवर राहिला. पुढे मुसळधार पावसात मॅग्नेटोत पाणी शिरले आणि त्याचा दुसरा क्रमांक आला. त्याच कंपनीची पिनिन फारिना याने घडविलेली बंद गाडी १९५१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने मोटारींच्या प्रदर्शनात मांडली, आणि पुढे कायमची आपल्या संग्रहात ठेवून घेतली.

आता परसातील गाडीकडे वळू. फियाट ११००, नंतरची डिलाइट, प्रेसिडेंट, आणि १९७४ पासूनची पद्मिनी, या सर्वांच्या पोटात इंजिन कोणते? १०८९ घन सेंटिमीटर. व्यास ६८, धाव ७५. इटलीत त्याच देहात पुढे १२२१चे इंजिन बसू लागले. आपल्याकडे मात्र मूळ मापच शेवटपर्यंत राहिले. मधल्या काळात सुधारणा झाल्या, शक्ती वाढून ४० अश्वांवर आली, परंतु घराणे तेच. गवयांच्या घराण्यात एक मैफिली गाजवतो आणि दुसरा खेड्यातील शाळेत मुलांस सारेगम शिकवितो, तसाच हा प्रकार आहे.

ही गाडी आपल्याकडे आली त्या कथेतही धुळ्याचा एक धागा आहे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. नोकरीच्या आरंभीच त्यांची नेमणूक खानदेशात, धुळे येथे झाली, आणि पांझरेच्या एका पात्रातून नळाचा सायफन नेण्याचे अवघड काम त्यांनी पावसाळ्याच्या अडचणी सोसून पुरे केले. याच विश्वेश्वरय्यांनी उतारवयात, १९३०च्या दशकात, हिंदुस्थानात मोटारी बनविण्याचा ध्यास घेतला. युरोप-अमेरिकेतील कारखाने पाहून योजना आखली. शेठ वालचंद हिराचंद यांनी ती उचलून धरली. सरकारी अनास्था आणि महायुद्ध यांतून वाट काढीत १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली, आणि १९४७ पासून कुर्ल्यास अमेरिकन गाड्या जुळविल्या जाऊ लागल्या. फियाटशी करार होऊन १९५१ साली चिमुकली ५०० आणि १९५४ साली ११०० आली. पुढे बराच काळ मध्यमवर्गाची मोटार म्हणजे फियाट अथवा अँबॅसडर, आणि फियाटसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनीही १९६४ साली १२,००० रुपयांची फियाट घेतली, तीत ५,००० बँकेचे कर्ज. त्यांच्या निधनानंतर ललिताबाईंनी ते निवृत्तिवेतनातून फेडले.

गियरचा दांडा सुकाणूच्या बगलेस असल्याने पुढील बाकावर तिघे बसत; मागे चौघे, आणि मांडीवर मुले. सप्तशृंगीच्या यात्रेस, मुंजीस, बाळंतिणीस माहेरी नेण्यास हीच. उन्हाळ्यात मात्र ती रुसे. खानदेशचा पारा पंचेचाळिसापार गेला म्हणजे पंपात पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह खुंटे. मग झाडाखाली गाडी थांबवून पंपावर ओले फडके घालावयाचे आणि डबा उघडून बसावयाचे.

अशा गाड्या आज भंगारवाला नऊशे किलोच्या आतबाहेरच्या वजनावर नेतो. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मर्यादा संपून रस्त्यावरून गेली. खाजगी गाड्यांस तसे मरण कायद्याने आलेले नाही. त्या मरतात त्या बहुधा घरच्या कागदांमुळे. गाडी आजोबांच्या नावे. आजोबा जाऊन वीस वर्षे झाली. वारस पाच, एक अमेरिकेत, दोघांचे बोलणे बंद. वास्तविक मालक वारल्यावर तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवून तीन महिन्यांत नमुना ३१ भरून नाव चढवावे, असा नियम आहे. हे वेळेवर झाले नाही म्हणून गाडी सोडून देऊ नये. सर्व वारसांची संमती एका कागदावर घेऊन आधी ते काम करावे, रंग मागाहून. ज्यांस दुसऱ्याची जुनी फियाट विकत घ्यावयाची आहे त्यांनीही आर.सी. बुक, चासीचा आणि इंजिनाचा क्रमांक ताडून पाहिल्याखेरीज इसारा देऊ नये. चकचकीत रंग पाहून भुलणाऱ्यांस हे सांगण्याचा विशेष हेतू आहे.

त्यानंतर पत्रा. या गाडीस निराळी चौकट नाही, सांगाडा हाच कणा. तेव्हा दारांखालचा उंबरा आणि पायाखालचा तळ कुजला असेल तर गाडी खिळखिळी झाली असे समजावे. गालिचा उचलून पाहावा, आणि रंगावर साधे लोहचुंबक फिरवावे; जेथे चिकटत नाही तेथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली आहे. या बाबतीत खानदेशची कोरडी हवा वरदान आहे. मुंबईच्या खाऱ्या वाऱ्यात राहिलेल्या गाडीपेक्षा जळगाव, धुळे, अमळनेर येथील गाडी आम्ही डोळे झाकून पसंत करू. उन्हाने रबर, गाद्या आणि वायरींची आवरणे तेवढी जातात. हल्लीच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या रबरास ते सोसत नाही, म्हणून पेट्रोलच्या साऱ्या नळ्या प्रथम बदलून घ्याव्यात. जळण्याचा धोका आहे, यात काटकसर नको. ब्रेक चारही चाकांस ड्रमचे आहेत. महामार्गावरील आजच्या वेगात पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर राखावे.

जुलै २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीस पुरातन म्हणून निराळी नोंदणी मिळते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. परंतु अशी गाडी प्रदर्शन, मिरवणूक वगैरेंपुरतीच बाहेर काढता येते, नित्य वापरता येत नाही. आमच्या मते जिला अद्याप बाजारात, देवळात न्यावयाचे आहे तिची साधी फेरनोंदणी दर पाच वर्षांनी करीत राहावे. शुल्क वाढले आहे, तरी परवडते.

घरातील तरुणांस चाळीस अश्वांनी समाधान होणार नाही, हे आम्ही जाणतो. त्यांच्यासाठी एक मधला मार्ग आहे. सिसिटालिया बुडाल्यावर तेथील कार्लो आबार्थ याने १९४९ साली आपला विंचवाच्या चिन्हाचा कारखाना काढला आणि साध्या फियाट गाड्यांस वेग देण्याचे काम चालविले. तेच नाव घेऊन २०१५च्या ऑक्टोबरात फियाटने पुण्याजवळील रांजणगावात बांधलेली आबार्थ पुंटो विक्रीस काढली: १४५ अश्वशक्ती, चारही चाकांस डिस्क ब्रेक, आणि किंमत त्या वेळी दहा लाखांच्या आत. मागे आजीस बसावयास जागाही आहे. फियाट नावाच्या गाड्यांची विक्री २०२० पर्यंत येथे बंद झाली, तेव्हा आता मिळेल ती वापरलेलीच. हिचे डिझेलवाले भावंड कोणताही मिस्त्री उघडू शकतो, कारण तेच इंजिन इतर कंपन्यांनीही आपल्या गाड्यांत घातले होते. पण या टर्बो पेट्रोल इंजिनाचे सुटे भाग शोधावे लागतात. घेणाऱ्याने आधी नाशिक अगर पुण्याचा जाणता मिस्त्री हेरून ठेवावा, त्यास बरोबर नेऊन गाडी पाहावी, आणि मागील मालकाने तेल किती किलोमीटरांस बदलले त्याच्या पावत्या मागून घ्याव्यात. पावत्या नसतील तर दुसरी गाडी पाहावी.