प्राणायाम नंतर शिकवा, आधी माणसं द्या!



नवी सिस्टर ताणाने रडली की रुग्णालयाला एकच औषध सुचतं: ताणमुक्ती शिबिर. नाइट करून, पुढच्या सिस्टरला ओव्हर देऊन (रुग्ण सोपवून) निघालेल्या मुलीला सभागृहात बसवायचं आणि सांगायचं, खोल श्वास घ्या. तो तासही तिच्या झोपेतूनच कापलेला!

नर्सिंगच्या जीएनएम पदविकेची तीन किंवा बी.एस्सी.ची चार वर्षं शिकून ती येते. हात बसेपर्यंत तिच्यासोबत जुनी सिस्टर हवी. पण जुन्या सिस्टरच्या गळ्यात दुसरा वॉर्ड असतो. मग रात्री तीस-चाळीस रुग्ण एकट्या नवखीच्या ताब्यात. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण काय? सर्वसाधारण वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका, शिकवणाऱ्या रुग्णालयात तिघांमागे एक. इकडे सलाईन संपत आलेली, तिकडे एकाला धाप लागलेली, डॉक्टर फोनवरून ऑर्डर सांगतायत, नातेवाईक अंगावर येतायत. अशात डोस चुकला तर मेमो तिलाच.

नोव्हेंबर २०२१मध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्ण दगावले, तेव्हा एका डॉक्टरसोबत तीन परिचारिकांना अटक झाली. आग विझवणारी यंत्रणा बसवणं नर्सचं काम कधीपासून झालं? हे पाहून नोकरीला लागलेल्या मुलीने घाबरू नये तर काय करावं?

खासगीत तर बोलायलाच नको. सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्राने २०१६ साली नेमलेल्या समितीने छोट्या रुग्णालयातही वीस हजारांखाली पगार नको, अशी शिफारस केली. तुमच्या ओळखीतल्या एखाद्या सिस्टरला हातात किती पडतात, विचारून बघा. वर बाँड, आणि मूळ प्रमाणपत्रं मालकाच्या कपाटात.

थोडं आमच्या जुन्या सिस्टरांनाही. ‘आम्हीसुद्धा असंच शिकलो’ हे वाक्य आता पुरे. तुम्ही सोसलंत म्हणून हिनेही सोसावं, हा कुठला न्याय?

आमचं मागणं एवढंच: पहिले तीन महिने नव्या परिचारिकेला एकटीने नाइट नको. डबल ड्युटी बंद करा. प्रत्येक वॉर्डाच्या दारावर रोजचा फलक लावा: रुग्ण किती, परिचारिका किती.

नातेवाइकांनो, सिस्टरवर आवाज चढवण्याआधी तिच्याकडे किती रुग्ण आहेत ते विचारा. मग तोच आवाज घेऊन अधीक्षकांच्या केबिनमध्ये चला. आम्ही सोबत येतो.

— वॉर्डातल्या काही सिस्टर आणि ब्रदर