जोडयंत्र आहे, पालट कोणी करावयाचा?

ज्या यंत्रावर लाखो लोकांचा रोजचा व्यवहार विसंबून आहे, त्याला एक जोडयंत्र असले पाहिजे, हे आता कोणास पटवून द्यावयास नको. बँका, रेल्वे, शेअर बाजार या सर्वांनी अशी पर्यायी केंद्रे उभारली आहेत. प्रश्न उरतो तो वेगळाच. मुख्य केंद्र आंधळे झाले, तर कारभार दुसऱ्याच्या हाती केव्हा द्यावयाचा आणि तो कोणी द्यावयाचा? ही गोष्ट आधी ठरलेली नसली, म्हणजे काय होते, हे मुंबईने २४ फेब्रुवारी २०२१ रोजी अनुभवले.

त्या बुधवारी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी राष्ट्रीय शेअर बाजाराचे सर्व व्यवहार थांबले, ते दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. शेजारचा मुंबई शेअर बाजार तेवढा वेळ बिनधोक चालू होता. ज्यांनी सकाळी माल घेतला आणि त्याच दिवशी विकावयाचा ठरविला होता, असे सामान्य गुंतवणूकदार मात्र चार तास अधांतरी राहिले. बाजार पुन्हा उघडेल की नाही, हेच ठाऊक नसल्यामुळे अनेक दलालांनी ग्राहकांचे सौदे मिळेल त्या भावाने दुसऱ्या बाजारात मिटविले. आणि मग बाजार उघडला!

वास्तविक या संस्थेपाशी साधनांची वाण नव्हती. वांद्रे-कुर्ला संकुलातील मुख्य केंद्र, कुर्ल्याचे जवळचे पर्यायी केंद्र आणि चेन्नईचे दूरचे, अशी तिहेरी तटबंदी होती. दोन्ही मुंबईकर केंद्रे मिठी नदीच्या परिसरात आहेत. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिला, त्यांस चेन्नईचे प्रयोजन निराळे सांगावयास नको. केंद्रांना जोडणाऱ्या दूरसंचार तारा दोन कंपन्यांच्या होत्या. परंतु व्यवस्थापनाने पुढे केलेल्या खुलाशानुसार रस्त्यावरील खोदकामाने दोहोंनाही दगा दिला. एवढ्यानेही बाजार बंद पडावयास नको होता. तारा तुटल्या तरी माहितीचा साठा चालू राहावा, अशी स्वयंचलित योजना साठायंत्रात होती. नेमकी तीच चुकली. मुख्य केंद्रातील साठाच दुर्गम झाला आणि सौद्यांतील जोखीम मोजणारी यंत्रणा बसली. जोखीम मोजता येत नसता सौदे चालू ठेवणे म्हणजे डोळे बांधून गाडी हाकणे होय. म्हणून बाजार थांबविला, हे योग्यच झाले. मग चेन्नईकडे कारभार का नेला नाही, हा प्रश्न सेबीनेही विचारला. ते प्रकरण २०२३ साली आरोप मान्य वा अमान्य न करता सुमारे ७२ कोटी रुपये भरून मिटविण्यात आले.

यावरून कोणी म्हणेल, पालट सर्वस्वी यंत्राच्या स्वाधीन करा, माणसाच्या चर्चेत वेळ दवडू नका. इतके ते सोपे नाही. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेत गिटहब या संस्थेच्या पूर्व किनाऱ्यावरील दुव्यात अवघा ४३ सेकंद खंड पडला. यंत्राने तत्परतेने मुख्यपद पश्चिम किनाऱ्यास देऊन टाकले. परंतु पूर्वेकडे लिहिलेले काही पश्चिमेस पोहोचलेच नव्हते, आणि पश्चिमेकडे नवे लिहिले जाऊ लागले. एका गादीवर दोन वारस बसल्यासारखी ही गत. ते निस्तरण्यास २४ तास ११ मिनिटे लागली. दूरच्या केंद्राकडे माहिती किंचित उशिरा पोहोचते. शेअर बाजारात त्या किंचित काळातही हजारो सौदे होतात, हे विसरून चालणार नाही.

आमचे मत असे की, पालटाची कृती यंत्राने करावी, पण तिच्या अटी माणसांनी शांत वेळी लिहून ठेवाव्यात. किती सेकंद वाट पाहावयाची. मुख्य केंद्र मेले की केवळ तार तुटली, याची साक्ष तिसऱ्या कोणत्या ठिकाणाहून घ्यावयाची. कोणती माहिती पोहोचल्याविना पाऊल उचलावयाचे नाही. दुव्याच्या दोन टोकांना एकमेकांविषयी विचारणे व्यर्थ आहे. प्रत्येकास दुसराच मेलेला दिसतो. ऐन संकटात, दूरध्वनी खणखणत असताना, या अटींवर खल करणाऱ्या अधिकाऱ्यास शहाणपण सुचत नाही, यात त्याचा दोष नाही.

सेबीने मार्च २०२१ मध्ये नियम कडक केले. बिघाडापासून ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करावयाची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत कारभार पर्यायी केंद्रावर उभा करावयाचा. आगाऊ वर्दी न देता पालट करून दाखविण्याची अपेक्षाही त्यात आली. हे स्वागतार्ह आहे. तथापि जनतेच्या डोळ्यांसमोर आलेली मोठी तालीम म्हणजे २ मार्च आणि १८ मे २०२४ ची लहान सत्रे. दोन्ही शनिवारची, दोन्हींच्या तारखा आधीच छापून आलेल्या. डेप्युटीसाहेब येणार म्हणून भिंती रंगविणाऱ्या शाळेत मुलांना किती येते, हे कोणत्याही शिक्षकास विचारावे.

सोमवारी वा मंगळवारी, भर व्यवहारात, दलालांना अल्प सूचना देऊन कारभार चेन्नईस नेला जावा, आणि त्यास किती मिनिटे लागली, किती सौदे पुन्हा जुळवावे लागले, हे त्याच संध्याकाळी बाजाराने जाहीर करावे. पैसा जनतेचा आहे. आकडाही तिला कळला पाहिजे.